टर्बो गाडीला इनटेक कोणता घ्यावा? (पर्वरीची धूळ, चोर्ला घाट आणि पावसाळा धरून)

पर्वरीकर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आता डोक्याला भुंगा लागलाय म्हणून धागा काढतोय.

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, 2017ची, सेकंड हॅण्ड. भारतात आलेल्या पाचशेंपैकी एक, म्हणून जीव जरा जास्तच. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 पीएस ताकद, 350 एनएम टॉर्क, सहा गिअरांची डीएसजी ऑटोमॅटिक. सध्या कंपनीच्याच मॅपवर (इंजिनाच्या सॉफ्टवेअरवर) आहे, पाऊस संपला की स्टेज 1 रीमॅप, म्हणजे ताकद वाढवणारा पहिल्या पायरीचा बदल, करायचा बेत आहे. रोज गोव्यात पर्वरी ते वेर्णा आणि परत. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. अधूनमधून चोर्ला चढून बेळगाव.

इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टर-नळीचा भाग, बदलायचाय, चार पर्याय समोर आहेत. मूळ बॉक्स तसाच ठेवून आत धुवून वापरायचा कॉटनचा पॅनल फिल्टर. उघडा कोन फिल्टर आणि बाजूला पत्र्याची हीट शील्ड. बंद कार्बन बॉक्स, ईव्हेंच्युरी वगैरे कंपन्यांचा, जो आयात शुल्क धरून लाखाच्या पुढे जातो. नाहीतर बॉक्सला हात न लावता फक्त टर्बोच्या तोंडाचा एल्बो (वळणाची नळी) मोठा करायचा. एक दुकानदार छातीठोक सांगतो की कोन लाव, 15 घोडे नक्की वाढतात.

कोणी स्वतः लावून बघितलंय का? आवाज आवडतो, खोटं का बोला, पण इंजिनाच्या जिवावर नको.

बूस्ट_बाबा

पात्रांव, यात विचार कसला करायचा? कोन! माझ्या पोलो जीटी टीएसआयला लावलाय. मांडवीवरच्या आपल्या अटल सेतूवर काच खाली करून थर्डमध्ये पाय दाबा, टर्बोची शिट्टी ऐका, पाय सोडा, फुस्स. गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. बंद बॉक्स म्हणजे कार्बनचे पैसे.

टोपण_नाव_नको

पाय सोडल्यावर जे फुस्स होतं ते खिशातून होतं. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

यंत्रवेडी

पर्वरीकर, आधी ते 15 घोडे बाजूला ठेवा. बिनटर्बोच्या जुन्या इंजिनांत फिल्टर मोकळा केला की हवा वाढायची, ताकद वाढायची, हिशोब सरळ होता. तुमच्या इंजिनाचा ईसीयू, म्हणजे कॉम्प्युटर, वेगळ्या पद्धतीने चालतो. तुम्ही पाय दाबला की तो टॉर्क ठरवतो, त्यावरून सिलिंडरमध्ये किती हवा हवी ते काढतो, आणि तेवढी हवा मिळेपर्यंत वेस्टगेट (टर्बोला चुकवून धूर बाहेर सोडणारी झडप) आवळतो. फिल्टर मोकळा झाला तर टर्बोला कष्ट कमी पडतात, मग ईसीयू वेस्टगेट जरा सैल सोडतो. ताकद तेवढीच राहते. कंपनीच्या मॅपवर फरक पडलाच तर वरच्या आरपीएमला, टर्बो दमायला लागतो तिथे, आणि तोही थोडका.

आता फिल्टरच्या अडथळ्याचा खरा परिणाम काय ते आकड्यात सांगते. 230 पीएसला इंजिन सेकंदाला साधारण 175 ग्रॅम हवा ओढतं. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत ते दीडशे लिटर झाले, दर सेकंदाला. एवढी हवा फिल्टर आणि नळीतून जाताना दाब थोडा पडतो. समजा 3 किलोपास्कल पडला. टर्बोला बाहेर 200 किलोपास्कल द्यायचे असतील तर 100 वरून दुप्पट करण्याऐवजी 97 वरून 2.06 पट करावे लागतात. कॉम्प्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता 70 टक्के धरली, आत 35 अंशांची हवा धरली, तर पहिल्या बाबतीत हवा 131 अंशांवर बाहेर पडते, दुसऱ्या बाबतीत 136 वर. पाच अंशांचा फरक.

आता कोन उघडा टाकला आणि तो बॉनेटखालची 60 अंशांची हवा ओढायला लागला असं धरा. अडथळा शून्य मानला तरी टर्बोतून हवा 164 अंशांवर बाहेर येईल. तेहतीस अंश जास्त! पुढे इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी, बराचसा भार उचलतो हे खरं, पण तो भार तुम्ही आपण होऊन त्याच्या डोक्यावर ठेवलेला असतो. इंटरकूलर तापला की इनटेकचं तापमान चढतं, ईसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि घोडे जातात.

म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न फिल्टर कोणता हा नाहीच. हवा कुठून येते हा आहे.

बूस्ट_बाबा

ताई, कागदावर सगळं बरोबर. पण गाडी चालत असताना बॉनेटखाली वारा फिरतो की. आणि पुढून नळी काढली तर रॅम एअर, म्हणजे वेगामुळे आत ढकलली जाणारी हवाही मिळते.

यंत्रवेडी

रॅम एअरचा हिशोब सोपा आहे. ताशी 100 किमीला समोरच्या वाऱ्याचा सगळा दाब जसाच्या तसा पकडला तरी तो 0.45 किलोपास्कल भरतो, म्हणजे अर्धा टक्का. चोर्ल्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून आठशेक मीटरवर, वातावरणाचाच दाब 92च्या आसपास येतो. घाट चढताना नऊ किलोपास्कल जातात आणि गाडी कुरकुरत नाही, कारण टर्बो भरून काढतो. मग अर्ध्या किलोपास्कलचं कौतुक किती करायचं?

वारा फिरतो हे मान्य, पण वेग असेल तेव्हा. पर्वरीत सकाळी नऊला कुठला वेग?

अवांतर: 32 अंश आणि 80 टक्के दमटपणा असला की आपल्या हवेत जवळजवळ 4 टक्के जागा पाण्याच्या वाफेने खाल्लेली असते. त्यावर कुठल्याही कंपनीचा इनटेक चालत नाही.

टोपण_नाव_नको

म्हणजे घामट हवेमुळे गाडीही आपल्यासारखीच सुस्तावते. दुपारची झोप द्या तिला.

पर्वरीकर

यंत्रवेडी ताई, इतकं सोडवून सांगितल्याबद्दल आभार. पण स्टेज 1 झाल्यावर काय? 280 ते 300 पीएस असे आकडे सांगतात. तेव्हा मूळ बॉक्स पुरेल?

यंत्रवेडी

हवा 230 वरून 300च्या हिशोबाने वाढली तर नळीतला अडथळा जवळपास वर्गाने वाढतो, म्हणजे दीड ते पावणेदोन पट. आज 2 किलोपास्कल असेल तर उद्या साडेतीनच्या जवळ. तेव्हा विचार करण्यासारखं काहीतरी असेल. पण आज तुमचा आकडा किती आहे ते तुम्हाला माहीत नाही, दुकानदाराला तर नाहीच नाही. मोजा की! पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, पातळी तपासायला गवंडी वापरतात तीच. यू आकारात वाकवून फूटपट्टीवर टेपने चिकटवा, अर्धी भरेल इतकं रंगीत पाणी घाला. एक टोक मोकळं, दुसरं फिल्टरनंतरच्या बाजूला. दोन्ही बाजूंच्या पातळीत 10 सेंटीमीटर फरक म्हणजे 1 किलोपास्कल. नळीची प्रत्येक बाजू मीटरभर तरी उंच ठेवा, नाहीतर पाणीच आत ओढलं जाईल.

टेस्ट एकट्याने करू नका. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं.

डिचोलीकर

आमच्याकडे टिपरांच्या एअर क्लीनरवर हेच दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो. लाल पट्टी दिसली की फिल्टर बदल. त्याआधी झाकण उघडायचं नाही, हा आमच्या वडिलांचा कडक नियम, कारण दर वेळी उघडताना थोडी धूळ आत पडतेच.

धुळीवर दोन शब्द. बहुतेक लोक फिल्टरची टक्केवारी वाचून फसतात. चांगला कागदी फिल्टर 99 टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. तेल लावलेला कॉटन साधारण 96 ते 99. माणूस म्हणतो, दोन टक्क्यांनी काय बिघडतं? अहो, 99 अडवणारा एक टक्का आत सोडतो, 97 अडवणारा तीन टक्के. इंजिनाला तिप्पट धूळ गेली! मुंबईच्या समुद्राकाठी फिरणाऱ्या गाडीला हे कदाचित चालून जाईल. सांखळी, उसगाव, सावर्डे या पट्ट्यात खनिजाचे ट्रक चालू असतील तेव्हा नाही चालत. आपली लाल धूळ बारीक असते आणि त्यात लोहखनिज असलं तर पात्यांना घासतेही. टर्बोच्या कॉम्प्रेसरची पाती मिनिटाला लाखाच्या पुढे फिरतात. त्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या की बूस्ट (टर्बोचा दाब) यायला वेळ लागतो, आणि मालक म्हणतो टर्बो म्हातारा झाला.

फिल्टर घेताना आयएसओ 5011 या चाचणीचा अहवाल मागा. त्यात तीन गोष्टी असतात: किती धूळ अडवली, किती धूळ धरून ठेवली, अडथळा किती. जाहिरातीत फक्त तिसरी छापतात. अहवाल नाही म्हणाले तर समजून जा.

आणि ऑइल बदलताना जुनं ऑइल लॅबला देऊन सिलिकॉन किती ते बघता येतं. सिलिकॉन चढलं की धूळ आत जातेय. आमच्या भागात लोखंडही चढतं, तेव्हा ते झिजेचं की खाणीचं यावर वाद घालत बसायचं.

बूस्ट_बाबा

डिचोलीकरबाब, तेल नीट लावलं तर कॉटन उत्तम धूळ धरतो. लोक धुतात घाईत, सुकवतात उन्हात, तेल ओततात हवं तसं.

डिचोलीकर

तेच तर म्हणतोय ना. जो फिल्टर माणसाच्या हातावर अवलंबून आहे तो पावसाळ्यात, दमट हवेत, रविवारी संध्याकाळी घाईघाईत धुतला जाणार. कागदी टाकला की विषय संपला.

मामा_मडगावकर

मी गॅरेजवाला. घोडे-बिडे तुम्ही बघा, मी बॉनेट उघडल्यावर काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे एमएएफ, आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर. तुमच्या गाडीत तो आहे की फक्त मॅनिफोल्डवरचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे, ते बघा. बॉक्स आणि टर्बोच्या मधल्या नळीत दोन स्क्रूंनी बसवलेला सेन्सर असला तर तो एमएएफ. असेल तर तेलकट कॉटनचं जास्तीचं तेल त्याच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. शिवाय नळीचा व्यास बदलला तर त्याचं सगळं गणितच बदलतं, मग मॅप त्या नळीसाठीच लिहिलेला हवा.

दुसरं, ब्रीदरची नळी. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाची) वाफ टर्बोच्या आधी इनटेकमध्ये परत येते. स्वस्त किटमध्ये त्या नळीला नीट तोंडच नसतं. मग पोरं तिथे छोटा फिल्टर खोचतात आणि बॉनेटखाली सगळीकडे तेलाचा ओशटपणा. एक गाडी आली होती, सिलिकॉनचा जोड टर्बोच्या तोंडावर अर्धाच चढवलेला, क्लिप मोकळ्या रबरावर आवळलेली. बाहेरून बघायला झकास, लाल सिलिकॉन, चकचकीत टी-बोल्ट क्लॅम्प. आणि फिल्टरच्या पलीकडून धूळ सरळ टर्बोत! बोट फिरवलं तर आतून नळी गेरू लावल्यासारखी. कुठल्या दुकानाने बसवलं ते सांगत नाही, पण मालकाने मजुरीचे चांगले पैसे मोजले होते.

फिल्टर बदलला की नळीच्या आतून पांढरा रुमाल फिरवून बघायचा. रुमाल लाल आला तर कितीही भारी फिल्टर असो, जोड गळतोय.

तिसरं, उंदीर. पावसाळ्यात हमखास. एअर बॉक्समध्ये आंब्याची पानं, काजूच्या बिया, फिल्टरची कागदी कुरतड असं सगळं सापडतं.

लाल_माती

मामा, उंदरांसाठी कोणता फिल्टर बरा?

मामा_मडगावकर

मांजर.

दावेदार

मी विमा सर्व्हेअर म्हणून काम करतो, त्यामुळे पाण्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कोल्ड एअर इनटेक म्हणून जी लांब नळी विकतात, तिचा फिल्टर बऱ्याचदा बंपरमागे, चाकाच्या आतल्या बाजूला खाली येतो. कोरड्या देशात उत्तम कल्पना. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पणजीत 18 जून रस्त्यावर दोन तास जोराची सर आली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर 496 सीसीचा, कॉम्प्रेशन 9.6. पिस्टन वर पोचल्यावर उरलेली जागा साधारण 58 मिली. कटिंग चहापेक्षा कमी पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं तरी पिस्टनला वर जायला जागा नाही. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी मालक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून बघतो, तिथे उरलंसुरलं इंजिन जातं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं. ते असूनही बदललेला इनटेक दिसला की कंपनी प्रश्न विचारणारच, आणि तो फोटो मलाच काढावा लागतो.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार चालत नाही, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर 182अ खाली प्रत्येक फेरफाराला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मूळ बॉक्समध्ये त्याच मापाचा फिल्टर टाकणं ही वेगळी गोष्ट. लाल नळ्या आणि उघडा कोन बॉनेट उघडताच दिसतात.

बूस्ट_बाबा

झालं, आता बॉनेट उघडायचीही भीती.

पर्वरीकर

मंडळी, अपडेट देतो. मामांनी स्क्रॅपमधलं त्याच बॉक्सचं एक झाकण दिलं, त्याला बारीक भोक पाडून नळी बसवली. वेर्ण्याच्या पठारावर रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, सेकंड गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत. भाऊ शेजारी फूटपट्टी धरून.

आधीच्या मालकाच्या फिल्टरवर 31 सेंटीमीटर. फिल्टर बाहेर काढला तर घड्यांमध्ये लाल पावडर, टिचकी मारली की झडत होती. नवा कंपनीचा कागदी फिल्टर टाकला, 22 सेंटीमीटर. म्हणजे नऊशे रुपयांच्या आत जवळपास एक किलोपास्कल परत मिळाला.

पण खरी गंमत पुढे आहे. माशांच्या टाकीला लावतात तो वायरवाला थर्मामीटर बॉक्सच्या आत सोडला होता. बाहेर 33 अंश, आणि पर्वरीच्या रांगेत बॉक्समध्ये 58! यंत्रवेडी ताईंचं वाक्य आठवून ग्रिलमागची नळी तपासली. बॉक्सशी जोडायचं तोंड खाचेतून निसटून दोन बोटं खाली लोंबत होतं, बहुधा कधीतरी बंपर काढून बसवताना नीट लावलेलं नाही. म्हणजे कंपनीचा बंद बॉक्स इतके दिवस बॉनेटखालचीच हवा ओढत होता. नळी खटकन जागेवर बसवली. आता रांगेत 44 च्या आसपास आणि पूल ओलांडताना 36 किंवा 37.

यंत्रवेडी

वा! हे बघून फार बरं वाटलं. रांगेत 44 उरतंय त्यातलं बरंचसं रेडिएटरच्या तोंडाशी साचलेल्या हवेचं असेल, त्याला इलाज नाही, आणि रांगेत ताकद लागतेच कुठे.

आता स्टेज 1 करा, आणि तीच नळी, तीच फूटपट्टी घेऊन पुन्हा मोजा. 35 सेंटीमीटरच्या आत राहिलं तर मी एक पैसा खर्च करणार नाही. फार वर गेलं तर आधी टर्बोच्या तोंडाचा एल्बो बघा, कारण मूळ एल्बो वळणावर अरुंद असतो आणि तो बदलताना फिल्टर, बॉक्स, थंड हवेची वाट यातलं काही हलत नाही. फक्त तुमचं मोजमाप बॉक्सच्या झाकणावर आहे, एल्बोचा अडथळा त्यात धरलेला नाही, तो टर्बोच्या तोंडाशी वेगळा मोजावा लागेल. बंद कार्बन बॉक्स हायब्रिड, म्हणजे आतून मोठा केलेला टर्बो घालणाऱ्यांसाठी. दिसायला देखणा असतो हे कबूल.

बूस्ट_बाबा

हिशोब मान्य. पण आवाजाचं काय? मी कोन 15 घोड्यांसाठी लावलाच नव्हता, शिट्टीसाठी लावलाय. त्यात काय वाईट?

यंत्रवेडी

काहीच वाईट नाही. आवाजासाठी लावलाय असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही, घोडे सांगून विकणाऱ्याशी आहे. फक्त तुमची पोलो पावसाळ्यात आणि डिचोलीकरांच्या गावाला नेताना मूळ बॉक्सवर असू द्या.

डिचोलीकर

आमच्या गावाला नक्की या, पण ट्रकच्या मागे मागे नको. अंतर ठेवा, नाहीतर पुढे जा. गाडीला आणि तुम्हाला, दोघांनाही फिल्टर लागेल.

लाल_माती

आय20 एन लाइन आहे, 1.0 टर्बो, 120 पीएस. मलाही कोन विकायचा चाललाय. हेच सगळं लागू ना?

यंत्रवेडी

तत्त्व तेच. हवा तुम्हाला जवळपास निम्मी लागते, पण फिल्टरही लहान आहे, त्यामुळे पर्वरीकरांचा आकडा उचलू नका. ग्रिलमागची नळी जागेवर आहे का ते आधी बघा, मग नळी-फूटपट्टी. फोटो टाकायचे असतील तर नवा धागा काढा, हा लांबलाय.

मामा_मडगावकर

पर्वरीकर, ते झाकण परत आणून द्या. लाल_माती यांचं माप वेगळं असलं तरी पोलोवाल्याने फोन केलाय, त्याला भोक कुठे पाडायचं ते दाखवायचंय.